व्हर्लिनच्या शेव्हेलचे लांब पाइप

व्हर्लिन स्टकीच्या दुकानात मी बावीस वर्षं काउंटर सांभाळतेय. दुकान गाड्यांच्या सायलेन्सरचं. गाडी आवारात शिरली की हा मान तिरकी करून ऐकतो आणि गिऱ्हाईक खाली उतरायच्या आत सांगतो, "उजवीकडचा जोड गळतोय." कधी चुकत नाही मेला. बोलणं मात्र इतकं कमी, की नवं गिऱ्हाईक मला हळूच विचारतं, "साहेब रागावलेत का?" मी सांगते, "नाही हो, आज खुशीत आहेत."

त्रेसष्ट वर्षांचा आहे. दुपारी बाराच्या ठोक्याला डुकराच्या तळलेल्या मांसाचं सँडविच आणतो, अर्धं कापून न विचारता माझ्या गल्ल्यावर ठेवतो. लोणच्यातल्या काकडीच्या चकत्या मला आवडत नाहीत म्हणून काढून. हे त्याला मी कधी सांगितलं, मलाही आठवत नाही.

त्याची स्वतःची एक गाडी आहे, एकोणसत्तर सालची शेव्हेल. चोविसाव्या वर्षी घेतलेली. त्याची बायको मार्व्हा गेली, त्यानंतर नऊ वर्षं ती गाडी ताडपत्रीखाली पडून होती. या वसंतात एके दिवशी ताडपत्री निघाली. इंजिन उघडलं, धुतलं, जुळवलं. मग स्प्रिंगा बदलून गाडी दोन इंच खाली बसवली. जमिनीला अशी चिकटून उभी राहिली, की रस्त्यावरून जाणारे थांबायला लागले.

आता एकच गोष्ट उरली होती, हेडर. म्हणजे इंजिनाच्या आठ तोंडांतून धूर बाहेर नेणारे पाइप. आणि तिथं आमचे स्टकीसाहेब तीन आठवडे अडकले. कंपनीचे मूळचे बिडाचे ठोकळे लावले तर कुठं अडत नाहीत, पण इंजिनाचा जीव गुदमरतो. आखूड पाइप लावले तर वर सांभाळून बसतात, पण ताकद थोडी जाते आणि आवाजही पातळ होतो. लांब पाइप लावले तर गाडी अशी ओढते म्हणता! पण ते खाली लोंबतात, आणि गाडी तर आधीच खाली आलेली.

"पस्तीस वर्षं मी हे लांब पाइप दुसऱ्यांच्या गाड्यांना लावतोय," तो एकदा म्हणाला. "स्वतःच्या गाडीला कधी लावले नाहीत."

"मग लाव की. कोणी धरून ठेवलंय?"

"फाटक," तो म्हणाला.

आमच्या गावच्या फाटकात रेल्वेचे रूळ रस्त्यापेक्षा चांगले चार बोटं उंच आहेत. जूनमधल्या दर शनिवारी संध्याकाळी सगळ्या जुन्या गाड्या फाटकापलीकडच्या आइस्क्रीमच्या दुकानासमोर जमतात. माणसं खुर्च्या मांडून बसतात, एकमेकांच्या इंजिनात डोकी घालतात. खाली चार इंच मोकळे नसतील त्याचे पाइप रुळावर घासतात आणि ते सगळ्या गावाला ऐकू जातं.

खरं सांगते, मला त्या शनिवारी त्या गाडीत बसून जायचं होतं. दोन लग्नं केली, दोन्ही मोडली, म्हणून काय बाईला हौस नसते? पण मी होऊन विचारणार नव्हते. त्यानं विचारावं एवढंच मला हवं होतं. आणि पहिला शनिवार चार दिवसांवर आला होता.

मंगळवारी त्यानं लांब पाइप बसवले. दुपारी सँडविच तसंच ठेवून मला हाक मारली, "लव्हॉन, जरा बघायला ये गं!" इतक्या वर्षांत असा आवाज मी ऐकला नव्हता. हातात चार इंचाचा लाकडी ठोकळा. जमिनीवर पालथा पडून त्यानं तो पाइपखाली सरकवला. ठोकळा इकडून आत गेला, तिकडून बाहेर आला.

"वर दोन सूत, पाव इंच जागा आहे!" लहान पोरासारखा हसत होता.

मी आत वाकून बघितलं. चालकाच्या सीटवर त्यानं स्वतःच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवली होती. शेजारच्या सीटवर चिंध्यांचं खोकं.

"काय रे," मी म्हटलं, "गिऱ्हाइकाची गाडी मोजताना सगळ्या सीटांवर पोती चढवतोस. तो दाताचा डॉक्टर कुरकुरला तर त्याला सुनावलंस, गाडी माणसांसकट मोजायची असते म्हणून. मग ही सीट रिकामी कशी?"

"तिथं कोण बसणार आहे?" तो म्हणाला. सहज म्हणाला. ठोकळ्यावरची धूळ पुसत.

मला लागलं. चांगलंच लागलं. "बरोबर आहे बाबा," असं म्हणून मी काउंटरवर आले आणि गल्ला असा आपटला, की बाहेरचं गिऱ्हाईक दचकलं. अर्धं सँडविच मी त्या दिवशी कचऱ्यात टाकलं. त्याच्या डोळ्यांदेखत टाकलं.

बुधवार गेला. गुरुवार गेला. मी कामापुरतं बोलत होते. शेव्हेल तशीच उभी. तो तिच्याभोवती फेऱ्या मारी, खाली वाकून बघे, परत उभा राही. गाडी तयार झालेला माणूस असा फिरत नाही, एवढं मला कळत होतं; पण मी म्हटलं, फिर.

शुक्रवारी दुकान बंद करायच्या आधी तो काउंटरसमोर येऊन उभा राहिला. टोपी हातात. कान लाल.

"लव्हॉन, तुझं वजन किती?"

"काऽय?"

"वजन. पौंडात."

"अरे, लाज वाटते का काही? माझ्या दोन नवऱ्यांची छाती झाली नाही हे विचारायची, आणि तू..."

"मोजताना चुकलो मी," तो म्हणाला. "दुसरी सीट धरलीच नव्हती. पोती ठेवणार होतो, पण किती ठेवायची ते कळेना. अंदाज चुकला तर तू..." तो हातातली टोपी फिरवायला लागला.

माझा राग कुठं गेला कोण जाणे. पण वजन काही मी सांगितलं नाही. काउंटरमागून बाहेर आले, शेव्हेलमधलं चिंध्यांचं खोकं उचलून जमिनीवर ठेवलं आणि सीटवर जाऊन बसले. दार लावून घेतलं. गाडी माझ्या बाजूला जराशी दबली, ते मलाही जाणवलं.

तो खाली पालथा पडला. ठोकळा पुढं सरकल्याचा आवाज आला आणि मधेच थांबला. त्यानं परत ढकलला. लाकूड पाइपला खटकन लागलं.

पस्तीस वर्षांची इच्छा त्या पाइपांत होती हे मला माहीत होतं. आणि मी बसल्यानं ती दोन सुतांची जागा गेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"व्हर्लिन," मी खिडकीतून म्हटलं, "राहू दे. मी माझ्या गाडीनं येते मागून. तुझे पाइप छान आहेत, ठेव ते."

मी दाराच्या मुठीला हात घातला.

"बसून राहा," तो खालून म्हणाला. "पाइप काढतो."

"अरे, पण तुला ते..."

"आखूड जोडी मागे फळीवर आहे. उद्या दुपारपर्यंत बसते." तो बाहेर आला, गुडघे झाडले आणि बॉनेट उघडलं. मग वरून डोकावून म्हणाला, "पाच मिनिटं उतरतेस का? जॅक लावायचाय."

"नाही," मी म्हटलं. "आधी वरचे बोल्ट काढ."

त्यानं पाना घेतला आणि माझ्या बाजूचे बोल्ट सोडवायला लागला.