न धुतलेलं लुगडं

मी ज्या कारखान्यात काम करते तिथं वास न येणारे कपडे शिवतात. उचगावच्या बाजूला आहे तो. परदेशात हरणांच्या शिकारीला जाणाऱ्या लोकांसाठी झाडपाल्याच्या नक्षीची जाकिटं आणि विजारी आम्ही करतो. अस्तरात कोळशाचा एक बारीक थर असतो, तो माणसाच्या अंगाचा वास धरून ठेवतो. वारा शिकाऱ्याकडून हरणाकडे वाहत असला की हरणाला लांबूनच माणूस कळतो आणि ते पसार होतं, म्हणून हा सगळा खटाटोप. आपल्याकडे हरणाला हात लावला तर तुरुंग, आणि तिकडच्या शिकाऱ्यांचे कपडे शिवणार आम्ही.

तपासणी आणि पॅकिंग माझ्याकडे असतं. माझ्या खात्यात गजरा चालत नाही, वासाचं तेल चालत नाही, पावडर चालत नाही. जेवणाचे डबे बाहेरच्या शेडमध्ये ठेवायचे. एकदा कांदा-लसणाच्या चटणीचा डबा आत आला, तेव्हा मी अशी कडाडले की ती बाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बायका मला मागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यांचं काही चुकत नाही. कोल्हापुरात राहून चटणीचा वास लागू द्यायचा नाही, हे पंचगंगेत उतरून पाय कोरडे ठेवण्यापैकीच आहे. पण माल परत आला तर बोलणी मलाच बसतात.

तर असं माझं नाक. आणि गेल्या वर्षी आई गोठ्यात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा ह्या नाकाला वेगळंच काम लागलं.

माहेर हातकणंगल्याजवळ. मी एकुलती, त्यामुळे ऑपरेशन झाल्यावर आईला राजारामपुरीत माझ्या फ्लॅटवर आणलं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, काही महिने गावचं नाव काढायचं नाही. वडील, म्हणजे अण्णा, मात्र गावातच राहिले. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही हे त्यांचं पहिलं कारण, आणि दुसरं कारण दारात बांधलेलं होतं.

ती म्हैस आईनं रेडकू असल्यापासून वाढवलेली. त्या वेताला तिचं पिल्लू दगावलं होतं, आणि तेव्हापासून ती आईशिवाय कुणालाच पान्हा सोडत नव्हती. अण्णा चरवी घेऊन बसले की ही पाठ वाकडी करून उभी, आणि जास्त खटपट केली तर लाथ. चार थेंब निघत. असंच चाललं तर आटणार, हे शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. एक व्यापारी दारात येऊन म्हैस बघून गेला. आईला हे कळलं त्या दिवशी तिनं जेवणाचं ताट बाजूला सारलं. मोडलेल्या हाडाला ती रडली नव्हती, म्हशीसाठी रडली. विकू नका, एवढं एकच ती मला पुन्हा पुन्हा अण्णांना सांगायला लावत होती.

मग अण्णांचा फोन आला. अण्णा फोनवर कमी बोलतात आणि तेही शेतातल्या गड्याला हाक मारल्यासारखं. म्हणाले, "तुझ्या आईचं एक लुगडं पाठीव. नेसल्यालं."

आमच्याकडे हे नवीन नाही. धार काढणारी बाई माहेरी गेली, आजारी पडली, की घरातला जो कोण बसेल तो तिचं लुगडं अंगावर घेऊन बसतो. जनावराला वाटतं तीच आली. लोक थोडं हसतात, पण प्रत्येकाच्या घरात कधीतरी ही वेळ आलेली असते, त्यामुळे फार हसत नाहीत.

आईला मात्र लाज वाटली. अंगावरचं घामट लुगडं असं गावाला पाठवायचं म्हणजे काय, लोक काय म्हणतील. माझ्यापुढं तिनं हो म्हणून मान हलवली, आणि मी आंघोळीला गेल्यावर धुतलेल्या कपड्यांतलं एक लुगडं चुरगाळून माझ्या पिशवीत घातलं. ज्या बाईची लेक दिवसभर कपड्यांचे वास घेते, तिनं हा बेत करावा! पिशवी उघडताच साबणाचा वास आला. मी चिडले, ती माझ्यावर दुप्पट चिडली. शेवटी भिंतीकडे तोंड करून तिनं अंगावरचं सोडून दिलं. त्यात तिचा घाम होता, मलमाचा वास होता, आणि सकाळी हट्टानं खुर्चीवर बसून तिनं कांदे चिरले होते तोही होता.

कारखान्यातून बाद झालेली एक हवाबंद पिशवी मी मागून आणली होती. बाहेरचा वास कपड्याला लागू नये म्हणून आम्ही त्या वापरतो. मी तिच्यात लुगडं भरलं, तोंड दाबून बंद केलं आणि स्कूटर काढली.

अण्णांनी गोठ्यात लुगडं खांद्यावरून घेतलं, पदर डोक्यावर ओढला, आणि पदराखालून त्यांच्या पांढऱ्या मिशा बाहेर आल्या. शेजारची काकू कुंपणापाशी येऊन म्हणाली, वैनी कवा आल्या दवाखान्यातनं. अण्णांनी तिकडे बघितलंही नाही. ते म्हशीपाशी उकिडवे बसले, कासेला हात लावला. म्हशीनं मान वळवून पदराशी नाक नेलं, बराच वेळ हुंगत राहिली, आणि मग तिची पाठ सैल झाली. चरवीत पहिली धार वाजली तेव्हा मीच मोठ्यानं हसले, आणि हसता हसता माझे डोळे भरले.

त्यानंतर दर रविवारी माझी फेरी ठरली. जुनं लुगडं घेऊन यायचं, नेसलेलं द्यायचं. व्यापाऱ्याला अण्णांनी वाटेला लावलं. आई खुलली, वॉकर धरून चालू लागली. मधूनअधून अण्णा दोन धारांच्या मधल्या वेळात एसटीनं यायचे. जावई समोर बसलेला, त्यामुळे खुर्चीच्या कडेवर बसून ते आईला एवढंच विचारायचे, गोळ्या घेतीस न्हवं. आई व्हय म्हणायची. मग चहा पिऊन अण्णा म्हशीची वेळ झाली म्हणून निघायचे. एवढ्या वर्षांच्या संसाराचं बोलणं एवढंच कसं, म्हणून मला दोघांचाही राग यायचा.

हिवाळ्यात एकदा मोठी ऑर्डर गेल्यामुळे कारखान्याला आठवड्याच्या मधल्या वारी सुट्टी मिळाली. मी न कळवताच गावी गेले. संध्याकाळची धार चालली होती. अण्णा साध्या सदऱ्यात बसले होते, डोक्याला टॉवेल, अंगावर लुगडं नाही. म्हैस निवांत वैरण खात होती आणि चरवी फेसानं भरत आली होती.

मी कुंपणापाशीच थांबले. काकूला हळूच विचारलं, आज लुगडं नाही ते. ती म्हणाली, "आज कुठलं? म्हस कवाच रुळली की त्यास्नी. महिना झाला, असंच पिळत्यात."

आणि नुकत्याच झालेल्या रविवारी अण्णांनी माझ्याकडून नेसलेलं लुगडं घेतलं होतं. वर म्हणाले होते, जुन्याचा वास गेला, म्हस ऐकंना.

मी घरात गेले. आईची वाकळ तिच्या जागी अंथरलेली होती आणि लुगडं उशीपाशी घडी करून ठेवलेलं होतं. मी उचलून बघितलं. शेणाचा डाग नाही, दुधाचा शिंतोडा नाही. मग लक्षात आलं की गेले काही रविवार परत आलेल्या लुगड्यांना गोठ्याचा वासच नव्हता. जाकिटावरचा तेलाचा ठिपका मला लांबून कळतो आणि हे कळलं नव्हतं. मला इतकं भरून आलं की लुगडं होतं तसं ठेवलं आणि तिथेच बसून राहिले.

अण्णा चरवी घेऊन आत आले, मला बघून दारातच अडखळले. मी विचारलं, आज लुगड्याशिवाय कशी काय दिली तिनं? ते दुधावर फडकं बांधत राहिले.

"आज दिली," ते म्हणाले. "रोज न्हाय देत."

मी बरं म्हटलं.

राजारामपुरीत परतल्यावर आईला सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती. आधी हसली, येडं माणूस म्हणाली. मग हातातली पाकळी तशीच धरून बराच वेळ खिडकीकडे बघत बसली. मला वाटलं, आता घरी सोड म्हणून हट्ट धरेल, आणि डॉक्टरांना काय सांगायचं ह्याची मी जुळवाजुळव करू लागले. पण तिनं ती पाकळी सोलली आणि दुसरी घेतली.

पुढचे दोन दिवस तिनं लुगडं बदलू दिलं नाही. रविवारी मला दार लावायला सांगितलं, माझा खांदा धरून उभी राहिली, अंगावरचं सोडलं, दुसरं नेसली. काढलेल्याची घडी मला घालू दिली नाही. पलंगावर बसून स्वतः काठाला काठ जुळवत घातली आणि माझ्या हातात दिली.

"त्यास्नी सांगू नगंस, मला कळलंय म्हणून," ती म्हणाली. "म्हशीसाठी दिलंय म्हण."

दुपारी गावी पोचले तेव्हा अण्णा दारातच उभे होते. मी पिशवी पुढे केली आणि आईनं सांगितलं तसंच म्हटलं, म्हशीसाठी दिलंय.

"व्हय तर," अण्णांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. "लई तरास देती ती."

मागे गोठ्यात म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती.