शाल नको म्हणणारी लुसी अक्का: जळगाव, धुळे आणि सातपुड्याचा पायथा

या वेळची सहल हौसेची नव्हती, शिक्षेची होती. शिक्षा मीच ओढवून घेतलेली, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही.

आमच्या जळगावच्या चर्चमध्ये ठरलं, की खानदेशातल्या गावोगावच्या धर्मशिक्षकांचा सत्कार करायचा. जे आमच्यातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. फादर एक असतात आणि त्यांच्याकडे गावं-पाडे ढीगभर. एकेका पाड्यावर त्यांची फेरी होते महिन्यातून एकदा. उरलेल्या रविवारी प्रार्थना घेणारे, पोरांना बायबलातल्या गोष्टी सांगणारे, पहिल्या कम्युनियनची, म्हणजे पवित्र भाकर पहिल्यांदा घ्यायच्या विधीची, तयारी करून घेणारे, आजारी माणसाच्या खाटेपाशी बसणारे जे कोणी असतात ते धर्मशिक्षक. मानधन म्हणाल तर नावाला.

सत्कार कधी ठेवायचा असं मीटिंगमध्ये निघालं तेव्हा मी पटकन म्हणालो, रविवारी सकाळी ठेवा, माझं दुकान बंद असतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पत्रिका गेल्या आणि दोन दिवसांनी फोन सुरू झाले, की अहो रविवारी कसं येणार, आमचं कामच रविवारचं. मीटिंगला इतकी शहाणी माणसं होती, एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मग कार्यक्रम सकाळी अकराचा दुपारी चारला सरकवला आणि बहुतेकांचं जमलं. नकार एकच उरला, लुसी अक्काचा. फादर मला म्हणाले, "रविवार तुम्ही काढलात ना, पेत्रसभाऊ? मग अक्काला तुम्हीच आणा." त्यांना पक्कं ठाऊक होतं की मी अक्काच्याच पाड्यावर वाढलो आणि मला शिकवलं ते तिनंच. पंधराव्या वर्षी तिथून निघालो, पाण्याच्या पंपांच्या मोटारी रिवाइंड करायला शिकलो, आता जळगावात स्वतःचं पंपाचं दुकान आहे. अक्काला भेटून किती वर्षं झाली तो आकडा लिहीत नाही, लाज वाटते.

शनिवार

सकाळी सातला मी आणि बायको, फिलू, निघालो. जानेवारी होता, काच खाली केली की कान झोंबायचे. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला दोन तास लागतात. रस्ता आता चांगला आहे, फक्त कापसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकलात तर देवाचं नाव घ्या. पारोळ्याच्या अलीकडे चहाला थांबा. पलीकडे चहा पाणचट मिळतो, हा माझा वीस वर्षांचा अनुभव.

धुळ्यात मार्टिनभाऊंकडे थांबलो. तेही धर्मशिक्षक, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांच्या रविवार संध्याकाळच्या प्रार्थनेला सून उभी राहणार होती. अक्काला आणायला चाललोय म्हटल्यावर ते मिशीत हसले. म्हणाले, "रविवारचं कारण तर तुम्ही मोडलंत. आता बघा, ती दुसरं काढेल." मला वाटलं चेष्टा करतायत.

जेवण शिरपूर रस्त्यावरच्या ढाब्यावर केलं. शेवभाजी मागवताना 'कमी तिखट' असं स्पष्ट सांगा, तरी ती तिखटच येते. दोघांचं मिळून साडेतीनशेत भागलं. तापीचा पूल ओलांडला की शिरपूर, आणि तिथून उत्तरेला वळलं की समोर सातपुडा आडवा उभा राहतो. शेवटचे पाच किलोमीटर कच्चा रस्ता आहे. लहान गाडी जाते, पण घाई करू नका. पाड्याचं नाव देत नाही. अक्काच नको म्हणाली.

अक्का ओट्यावर ज्वारी पाखडत होती. मी "अक्का" म्हटलं, तर सूप न थांबवता म्हणाली, "पेत्रू शे का? आवाज जाडा व्हयना तुना." चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. मला वाटलं रागावलीय.

चहा झाल्यावर मी विषय काढला. कार्यक्रम चारला आहे, तुझी सकाळची प्रार्थना आणि वर्ग उरकून निघू, चोपड्यावरून तीन तासांत पोचतो. अक्का म्हणाली, शेळी व्यायला आलीय. शेजारणीनं तिथल्या तिथं शेळीकडे बघायचं कबूल केलं. मग म्हणाली, "माले गाडी लागस." फिलूनं पर्समधून गोळी काढून दाखवली. तेव्हा अक्का ज्वारीत नसलेले खडे शोधू लागली.

धंद्यात एक गोष्ट शिकलोय. गिऱ्हाईक पटापट तीन कारणं सांगतं तेव्हा खरं कारण चौथं असतं, आणि ते विचारून कळत नाही. मी उठलो, म्हटलं जरा पाय मोकळे करतो, आणि घराच्या मागल्या बाजूला जाऊन उभा राहिलो. हे काही फार सभ्य नव्हतं. कुडाच्या भिंतीतून चुलीपाशी बसलेल्या दोघींचं बोलणं स्वच्छ येत होतं. वांगी भाजल्याचा वास आणि अक्काचा आवाज.

"शाल माले म्हाईत शे, बाई," अक्का फिलूला सांगत होती. "शाळाना गुरुजीले शाल दिन्ही, नारळ दिन्हा, नि दुसऱ्या दिवशी खुर्चीवर दुसराच. मना डोया गयात हाई फादरले समजनं व्हई."

म्हणजे तिचे डोळे गेले होते. म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं नव्हतं. आणि आपल्याकडे शाल-श्रीफळ कधी मिळतं हे तिला आमच्या अख्ख्या मीटिंगपेक्षा जास्त कळत होतं. तलाठी असो, गुरुजी असो की एसटीतला माणूस, शाल खांद्यावर पडली की उद्यापासून घरी. तिला वाटत होतं, आम्ही सत्काराच्या नावाखाली तिचा वर्ग काढून घ्यायला आलोय.

पाड्यावर फोनला रेंज मिळते ती फक्त टेकाडावर. अजून उजेड होता. वर चढून फादरांना फोन लावला आणि आडवळण न घेता विचारलं, की अक्काला काढायचं आहे का? माझी खात्री होती, फादर हसून उडवून लावतील.

फादर हसले नाहीत. मग म्हणाले, तसा विचार मनात आला होता. मागच्या फेरीला तिनं धड्याचं पुस्तक उलटं धरलेलं त्यांनी पाहिलं होतं. यंदा सात मुलं पहिल्या कम्युनियनला बसणार, त्यांचं नुकसान नको. एक सिस्टर पाठवावी असं डोक्यात होतं, ठरलेलं काही नव्हतं. शेवटी म्हणाले, "उद्या तिचा वर्ग तुम्ही बसून बघा. मग मला खरं सांगा. भीड नको."

गेलो होतो पाहुणा म्हणून, टेकाडावरून उतरलो तो इन्स्पेक्टर होऊन. रात्री पानात भरीत, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे, होते. इतकं चांगलं भरीत मी वर्षभरात खाल्लं नसेल आणि तरी दुसऱ्यांदा घेतलं नाही. फिलूनं तेवढ्यात ओळखलं. म्हणाली, "अहो, आज वाढून घेत नाही आहात, म्हणजे काहीतरी लपवताय." सांगितलं तिला. ती म्हणाली, उद्या खोटं बोलू नका, कोणत्याच बाजूनं. त्यामुळे झोपही गेली.

रविवार

सातला प्रार्थनाघरात गेलो. पत्र्याची एक खोली, पुढे क्रूस, खाली ताडपत्री. बायामाणसं धरून तीसेक जण, थंडीनं आखडलेले. प्रार्थना झाली, मोठे बाहेर गेले, आणि सात पोरं पुढे सरकून बसली. मी मागे भिंतीला टेकलो. मनात धाकधूक, एखाद्या जुन्या मोटारीला पहिल्यांदा करंट देताना होते तशी.

अक्काच्या मांडीवर पुस्तक होतं. उघडलेलं, आणि हो, उलटं. तिनं त्यावर नुसता हात ठेवला होता. गोष्ट सांगितली ती तोंडपाठ, मराठीत, आणि जिथं पोरांचे चेहरे कोरे पडत असतील तिथं त्यांच्या पावरी बोलीत. चेहरे तर तिला दिसत नव्हते. मग तिला कसं कळत होतं? बराच वेळ मी हेच बघत बसलो. पोरं चुळबुळली की ती बोली बदलायची. शांत झाली की पुढे जायची.

मग तिनं सगळ्यांना उभं केलं आणि विश्वासांगीकार म्हणायला लावला. म्हणजे आमच्या श्रद्धेत काय काय मानतो त्याचं लांबलचक निवेदन, जे आम्ही दर रविवारी चर्चच्या उपासनेत, मिस्सेत, उभं राहून म्हणतो. पोरं खणखणीत सुरू झाली. मीही उठलो, सोबत म्हणू लागलो. येशूला क्रूसाची शिक्षा देणाऱ्या पिलाताचं नाव येऊन गेलं आणि माझी गाडी नेहमीसारखी अडखळली. जळगावात एवढ्या लोकांत कोणाला कळत नाही. मी नुसते ओठ हलवत राहिलो.

अक्कानं हात वर केला. पोरं थांबली.

"मागे कोन नुसता ओठ हलाई राहिना?"

सातही माना माझ्याकडे वळल्या. अक्का स्वतःच म्हणाली, "पेत्रू, तू लहानपने बी पिलातजवळच थांबे." पोरं अशी हसली, की त्यातल्या एकीला खोकला लागला.

मला मात्र छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. आठ जणांच्या आवाजात न निघालेला एक आवाज तिनं पकडला होता. पंपाचं बेअरिंग गेलंय की पंखा घासतोय हे मी मोटार न उघडता सांगतो, गिऱ्हाइकं कौतुक करतात, आणि मी आजवर सांगत आलो की ही देणगी आहे. कसली देणगी. या बाईनं लहानपणी आम्हाला ओळीत उभं करून एकमेकांचे शब्द ऐकायला लावले होते, कोण कुठे गाळतो ते पकडायला. ते मी साफ विसरलो होतो.

वर्ग सुटल्यावर टेकाड जवळजवळ पळत चढलो. फादरांना सगळं सांगितलं, उलट्या पुस्तकासकट, आणि माझ्या ओठांसकट. ते इतके हसले की फोन कट झाला. परत लावला तेव्हा म्हणाले, "बरं झालं बुवा. खरं सांगू? पाठवायला माझ्याकडे सिस्टरही नव्हती. महिन्याच्या फेरीला जी सिस्टर माझ्यासोबत येते, ती नवे धडे वाचून दाखवेल. वर्ग अक्काचाच."

खाली येऊन अक्काला काहीही न लपवता सांगितलं. कुडामागे उभा होतो तेही. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "म्हंजे तू मनी परीक्षा लेवाले उना व्हता."

"हो, अक्का."

"आन नापास कोन व्हयना?"

एवढं बोलून ती आत गेली आणि ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आली. अट एकच घातली, गाडीत पुढे बसणार. फिलू मागे.

हाच परतीचा रस्ता तुम्हालाही सुचवीन. शिरपूरहून चोपडा, तिथून तापी ओलांडून जळगाव. केळीच्या बागांमधून जातो, ढाबे कमी आहेत, खाणं चोपड्यातच उरकून घ्या. गोळी घेऊनही अक्काला दोनदा गाडी लागली. ते कारण तेवढं खरं निघालं.

चारला पोचलो तेव्हा सभागृह भरलेलं होतं. मार्टिनभाऊ दारातच उभे होते. अक्काची पाळी आली तेव्हा ती व्यासपीठावर ताठ उभी राहिली, हात मागे बांधून. शाल घेऊ की नको, हे अजून तिच्या मनात चाललं असावं. फादरांनी माईक बाजूला केला, पण मी पहिल्या रांगेत होतो.

"अक्का, ही घरी बसायची शाल नाही. सकाळी सातला वर्गावर जाताना थंडी वाजते, तेव्हा पांघरायची आहे."

अक्कानं हात पुढे आणले. शाल चाचपली, लोकर आहे की नायलॉन ते दोन बोटांत धरून पाहिलं, आणि मग अंगभर ओढून घेतली. खाली टाळ्या चालूच होत्या. फिलूनं माझा रुमाल मागून घेतला आणि परत दिला नाही.

नंतर

या सहलीतून घरी काय आलं? अक्कानं बांधून दिलेले बिबडे संपले. गाडीला धूळ आली होती, ती धुतली. जळगावात आता रविवारी मी मिस्सेला मागच्या रांगेत बसत नाही. फिलू बसू देत नाही.

आणि पुढच्या रविवारी साडेनऊच्या सुमारास एक अनोळखी नंबर आला. बंद दुकानात मी एका शेतकऱ्याची अडलेली मोटार उघडून बसलो होतो, तो समोर स्टुलावर. फोनवर आधी नुसता वारा ऐकू आला. टेकाडावरचा. मग अक्का.

"म्हन," ती म्हणाली.

काय म्हणायचं ते विचारावं लागलं नाही. हातात पाना, समोर गिऱ्हाईक, तसाच उभा राहिलो आणि सुरुवात केली. शेतकरी उगाच डोक्यावरची टोपी काढून बसला. पिलात आला, गेला, पुढची ओळ आली, तिच्या पुढचीही आली. आमेनपर्यंत पोचलो.

एकही शब्द गाळला नव्हता, सगळं आलं होतं.

"बठ्ठं शे," अक्का म्हणाली, आणि फोन ठेवला.