सुरयांची वाळू

आधी आठवतो उन्हाने मऊ पडलेल्या डांबराचा वास. डोंग्याच्या फटींत ते नुकतेच भरले होते आणि वैनगंगेच्या उथळ पाण्यावर आम्ही त्याच वासात दाटीने बसलो होतो: सासूबाई, मोठे दीर, नवरा, मी आणि बांबूने डोंगा रेटणारा नावाडी.

सहल मोठ्या दिरांची. मागच्या दिवाळीत त्यांनी आम्हाला कोकणात डॉल्फिन पाहायला नेले होते. एकही पाठ पाण्यावर आली नाही, आणि समुद्राने आपला मुद्दाम अपमान केला असे ते अजून बोलत. "तिथी फसवलं. नदीचे पक्षी कुठी जातीन?" लांब नळीचा कॅमेरा त्यांनी मांडीवर बंदुकीसारखा धरला होता.

सासूबाई वाटभर मला टोचत होत्या. माझे माहेर याच काठाचे; उन्हाळ्यात आई पात्रातल्या वाळूवर टरबूज-डांगराचे वेल लावी. "हिचं माहेरच रेतीतलं. दाखवतीन हिचे भाऊबंद पक्षी!" नवरा मोबाईलमध्ये पाहून हसला. थोड्या वेळाने सासूबाईंनी पाणी मागितले. बाटली मोठ्या दिरांच्या पिशवीत होती.

"चूप बस ना माय! पक्षी उडतीन!" मोठे दीर खेकसले.

सासूबाईंनी कोरडे ओठ मिटून घेतले.

वाळूचे बेट आले. सुरय पक्ष्यांची घरटी म्हणजे वाळूतले नुसते खळगे. अंडी वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची. डोंगा टेकताच काळ्या टोपीचे, पिवळ्या चोचींचे ते पक्षी किंचाळत उठले.

"भाऊजी, उतरू नका," मी म्हणाले. "पक्षीण उठली की या उन्हात अंडी शिजतात."

"तू आपली कविता कर," म्हणत ते उतरले.

सुरय त्यांच्या डोक्यावर सूर मारू लागले. त्यांनी रुमाल फिरवला, शिव्या दिल्या, आणि खळग्यांपाशीच उकिडवे बसले. अंडी गार करायला पोटाची पिसे भिजवून आलेली एक पक्षीण त्यांच्यावर थरथरत राहिली. तिला खाली येता येईना. तिच्या पोटाचे पाणी हवेतच ठिबकून संपले.

"भाऊजी, या आता."

"चांगला नाई आला फोटो. थांब."

मी नवऱ्याकडे पाहिले. "तुम्ही तरी सांगा ना."

"माह्यं आयकते का तो?" तो मोबाईलवरून मान न उचलता म्हणाला.

मी उठले आणि नावाड्याच्या हातातून बांबू घेतला.

"बाई, साहेब राह्यले ना तिकडं!"

"पाणी गुडघाभर आहे. चालत येतील."

बांबू वाळूत रुतला. तळहातांना तो दाब ओळखीचा होता. डोंगा करकरला, सुटला, आणि बेट आणि आम्ही यांच्यामध्ये पाणी रुंदावू लागले.

"ए! कुठी चालली? आण डोंगा इकडं!"

"तुम्ही या."

ते जागचे हलले नाहीत. मी भिऊन परत फिरेन, अशी त्यांची खात्री होती. डोक्यावर पंखांचे फटकारे चुकवत ते ओरडले, "माय! सांग ना हिले!"

माझे हात थांबले. सासूबाईंनी दिरांची पिशवी उघडली, बाटली काढली आणि घटाघटा पाणी प्यायल्या. पदराने तोंड पुसले. बेटाकडे पाठ करूनच त्या मला म्हणाल्या,

"आनखी रेट."