परब सर आणि त्यांचे मामलेदार

मधल्या सुट्टीची घंटा झाली की आमच्या स्टाफरूममध्ये डबे उघडल्याचे आवाज येत, आणि त्यांच्या पाठोपाठ नारळ फुटल्याचा. पुंडलिक परब, आमचे चित्रकलेचे शिक्षक, दाराच्या पायरीवर नारळ आपटत, पाणी पेल्यात धरत आणि सुरीच्या टोकानं खोबरं काढून शांतपणे चावत बसत. नारळानंतर कवचासकट उकडलेलं अंडं, ते हजेरीपटावर टिचकावून फोडायचं. मग केळी आणि मूठभर शेंगा. कुणी भाजीचा डबा पुढे केला तर हात जोडून म्हणत, "नको. त्यावर देवाचं सील नाही."

पोदेराचा, म्हणजे दारावर येणाऱ्या पाववाल्याचा, पाव त्यांना चालत नसे, कारण तो उघड्या टोपलीतून येतो. बिस्किटाचा पुडाही चालत नसे. "ते कंपनीचं सील. कंपनी काय, उद्या बंदही पडेल."

आम्हाला हे निसर्गोपचाराचं काहीतरी वाटलं. हेडबाईंनी एकदा प्रार्थनेच्या वेळी मुलांसमोर परब सरांच्या सात्त्विक आहाराचं कौतुक केलं. भूगोलाच्या नाईक सरांनी तर काही आठवडे त्यांच्यासारखंच खाऊन पाहिलं आणि आपली ॲसिडिटी गेली म्हणून सगळ्यांना सांगत सुटले. परब सर ते ऐकून संकोचानं हसत.

ते उंच होते, किंचित पुढे वाकलेले, नखांत कायम कसला ना कसला रंग. वर्गात कधी ओरडत नसत. कागद फाटेपर्यंत रेघ ओढणाऱ्या पोराला म्हणत, "पेन्सिल दाबू नको रे, तिनं काय गुन्हा केलाय?" आणि माणसाचं चित्र काढायला शिकवताना, "डोळे नंतर बघू. नाक चुकलं की माणूस चुकला." माझं त्यांच्या उलट. मी पी.टी. मास्तर, कोरगावचा, माझी शिट्टी हरवली तरी कवायत अडत नसे. गोव्यातल्या सर्वणच्या त्या शाळेत आम्ही शेजारीशेजारी बसायचो, आणि तरीही सरांचा पट्टा दर महिन्याला एक भोक आत जातोय हे मला दिसलं नव्हतं.

ते दाखवलं सुमनवहिनींनी. वहिनीही माहेरच्या कोरगावच्या, पण सरांचा मित्र म्हणून मला भावजी म्हणायच्या. एका संध्याकाळी घरी आल्या, हातातला डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "भावजी, ह्या खावन बघा."

आत खतखतं होतं, पाच-सहा भाज्या एकत्र शिजवलेलं. मी खाल्लं. चांगलं झालं होतं.

"काय होता तुमका?"

"काही नाही. का?"

"ह्यांका सांगा मगे. माझ्या हातचा ह्यांनी कितकोसो काळ खाल्ल्यानी नाय. म्हणतत मी विष घालतंय." एवढं बोलून त्या पदरात तोंड घालून रडायला लागल्या. गणपतीच्या चवथीपर्यंत थांबणार होत्या. सणाला घरातलं माणूस घरचं जेवलं नाही तर कोरगावला भावाकडे जाऊन राहायचं त्यांनी ठरवलं होतं. "ज्या घरात माझ्या हाताचो भय, थय मी रावान काय करू?"

दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या खोलीत मी सरांना सरळच विचारलं. त्यांनी ब्रश धुतला, पुसला, आणि हळू आवाजात सांगितलं, "ती घालत नाही, हे मलाही वाटतं. पण मामलेदार म्हणतात, घालते."

"कुठले मामलेदार?"

सरांनी आपल्या उजव्या कानाकडे बोट केलं.

हा आवाज काही वर्षांपासून येत होता. तो सरकारी हुकूम दिल्यासारखा बोले, म्हणून त्याचं नाव मामलेदार. सर त्याला अहो-जाहो करत. खऱ्या मामलेदाराशी त्यांचा आयुष्यात कधी संबंध आला नव्हता. एकदा उत्पन्नाचा दाखला काढायला गेले होते, पण त्या दिवशी साहेब रजेवर होते.

वहिनी आणि मी सरांना डिचोलीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. डॉक्टर केतकी, सांगलीकडच्या, वयानं लहान आणि कशाचंच आश्चर्य न वाटणाऱ्या. त्यांनी औषधं सुरू केली. सरांना झोप लागायला लागली, भिंतीपलीकडची कुजबुज थांबली, रस्त्यावरची माणसं आपल्याकडे बघतात हे वाटणं गेलं. मामलेदार मात्र जागचे हलले नाहीत.

मग बाईंनी एक यंत्र काढलं. डोळ्यांवर बांधायचा हेडसेट. तो चढवला की समोर खोटं जग दिसतं, पण मान वळवाल तिकडे ते असतं. बाईंनी समजावून सांगितलं, "जो आवाज ऐकू येतो, त्याला आपण चेहरा देऊ. तो तुमच्यासमोर खुर्चीत बसेल. त्याच्या तोंडून मी बोलेन, यंत्र माझा आवाज बदलेल. सुरुवातीला तो नेहमीसारखा दरडावेल. तुम्ही त्याला उत्तर द्यायला शिकायचं. तुम्ही जितके उभे राहाल, तितका तो खाली बसेल."

"ते बसलेलेच असतील ना?" सरांनी विचारलं.

चेहरा बनवायला एरवी तासभर लागतो म्हणे. चित्रकलेच्या शिक्षकाला तो पुरेना. संगणकावर तयार नाकं होती, त्यातलं एकही सरांना पटलं नाही. कान वर आहेत, हनुवटी उसनी वाटते, उजेड दोन्ही बाजूंनी कसा येतो, सूर्य कुठं आहे? बाई निमूटपणे बटणं दाबत होत्या. शेवटी एकदाचं नाक जमलं, तर सर कान देऊन ऐकल्यासारखे थबकले आणि ओशाळून म्हणाले, "मॅडम, ते म्हणतात, मी इतका काळा नाही."

बाईंनी क्षणभर विचार केला. "त्यांना विचारा, कुठला रंग हवा?"

सरांनी विचारलं. मग तिघांच्या संमतीनं मामलेदार दोन छटा उजळले. कपड्यांचं मात्र काही करता आलं नाही. त्या यंत्रात परदेशी कोट होते नाहीतर टी-शर्ट. कोट मामलेदारांना नको होता, उकडतं म्हणून. तेव्हा तालुक्याचा तो भयंकर अधिकारी नारिंगी टी-शर्टमध्ये बसला.

पहिल्या बैठकीत बाई मामलेदारांच्या तोंडून म्हणाल्या, "पुंडलिक, तू ते खाऊ नकोस हं." यंत्रानं आवाज घोगरा केला होता, पण सरांनी हेडसेट उतरवला. "मॅडम, रागावू नका. तुम्ही नको म्हणताय, पण आग्रह केल्यासारखं वाटतं. मामलेदार असं बोलत नाहीत. ते पेडण्याकडचं बोलतात." आणि थोडं थांबून, "आमच्या शाळेत एक माणूस आहे. कोरगावचा. आवाज हुकमाचा आहे."

अशी माझी नेमणूक झाली. मी आधी नाही म्हटलं. मित्राला शिव्या घालायच्या, त्याही माइकमधून, हे माझ्यानं होणार नव्हतं. सर म्हणाले, "मास्तर, अनोळखी माणसानं दरडावण्यापेक्षा तुम्ही बरे." काय बोलायचं ते बाई सांगणार होत्या. सरांनी हात वर केला की मी तिथल्या तिथं गप्प व्हायचं, एवढा नियम. सर आतल्या खोलीत, बाई आणि मी बाहेर काचेपाशी.

मी घसा खाकरला. "रे पुंडलिका! ता खाव नको! तुझ्या बायलेन त्यात कायतरी घातलां!"

काचेपलीकडे सर ताठ झाले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शिक्षा झालेल्या मुलासारखे म्हणाले, "व्हय, साहेब."

मी बाईंकडे बघितलं. "आणखी," त्या म्हणाल्या. मी आणखी बोललो. सर दर वेळी "व्हय, साहेब" म्हणत राहिले. घरी जाताना त्यांनीच माझी समजूत घातली. "फार छान केलंत. अगदी तसंच." आणि मग, "मामलेदारही म्हणाले, बरा आहे, पण जरा घाई करतो."

पुढच्या काही बैठका अशाच गेल्या. चवथ जवळ आली. वहिनी दवाखान्याच्या बाकावर बसून राहत, आत काय चाललंय ते विचारत नसत. एक दिवस मी नेहमीचा हुकूम सोडला, आणि "व्हय, साहेब" आलं नाही. सरांनी मान किंचित तिरपी केली. वर्गात एखाद्याचं चित्र बघताना करत तशी.

"साहेब, एक विचारू? तुम्ही खंयच्या तालुक्याचे?"

हे बाईंनी सांगितलेल्यात नव्हतं. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी सुचलं ते बोललो, "पेडण्याचो! नायतर खंयचो?"

"मगे सर्वण डिचोली तालुक्यात येता," सर अतिशय नम्रपणे म्हणाले. "हंय तुमचो हुकूम कसो चलतलो?"

बाईंनी एका हातानं स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. दुसऱ्या हातानं त्यांनी मला खूण केली: माघार.

"व्हय," मी म्हणालो. "ता खरा."

सरांनी हेडसेट काढला तेव्हा कपाळ घामानं डबडबलं होतं. बाईंनी विचारलं, "आणि ते आतले? काय म्हणतात?"

सरांनी ऐकून बघितलं. "गप्प आहेत. कागद बघतायत."

त्या दिवशी घरी सरांनी वहिनींच्या हातची पेज खाल्ली. वहिनींनी फोन करून तेच तीनदा सांगितलं. चवथीला नेवऱ्या, म्हणजे गोड करंज्याही खाल्ल्या. शाळेत त्यांचा डबा बघायला आम्ही सगळे उठून गेलो. नाईक सर तेवढे जरा नाराज दिसले.

पण कायद्याची दुसरी बाजू लवकरच पुढे आली. वहिनींच्या भाचीचा साखरपुडा ठरला, कोरगावला. सरांनी निरोप दिला, येईन, पण जेवणार नाही. कोरगाव पेडणे तालुक्यात येतं.

मला हसू आवरेना. डॉक्टर केतकींना मात्र हसू आलं नाही. "सरांनी पळवाट शोधली. उत्तम शोधली. पण त्याच्यासमोर ते अजून उभे राहिलेले नाहीत," त्या म्हणाल्या. नंतरच्या बैठकांत मी पेडण्याचा अधिकार गाजवत राहिलो आणि सर "तुमचा तालुका, साहेब" म्हणत मान खाली घालत राहिले.

साखरपुड्याच्या दिवशी आम्ही तिघं भाड्याच्या गाडीतून निघालो. पुलावरून पेडण्यात शिरलो तेव्हा सरांनी खिडकीची काच वर केली. वहिनी पुढच्या सीटवर होत्या, त्यांनी मागं वळून बघितलं नाही. माहेरच्या माणसांना त्यांनी काय सांगितलं होतं, कुणास ठाऊक. बहुधा काहीच नाही. जावई इथं आपल्या घरचं, आपल्या मुलीच्या हातचंही खात नाही, हे एकदा उघड झालं असतं तर वहिनींना पुन्हा मान वर करून त्या घरात यायची सोय राहिली नसती.

पानं मांडली गेली. सर माझ्या शेजारी. त्या दिवशी स्वयंपाकाला वहिनीही लागल्या होत्या, आणि सोलकढी वाढायला त्याच आल्या. वाढून होईपर्यंत सर पानाकडे बघत बसले. सगळ्यांनी सुरुवात केली. सरांचे ओठ हलत होते. मग त्यांनी मान वर केली आणि मोठ्यानं, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "सुमन, आणखी एक पान वाढ गो. हंय, माझ्या उजवेक."

वहिनी जागच्या जागी थिजल्या. पण त्यांच्या म्हाताऱ्या आत्येनं काहीच मनात आणलं नाही. त्या घरात मूळपुरुषाला पान वाढायची रीत होती. जावयाला तिची आठवण झाली याचं तिला कौतुकच वाटलं. तिनं पान मांडलं, भात वाढला, डाळ, भाजी, सगळं वाढलं.

सर उजवीकडे वळले. "बसा, साहेब. इतकी वर्सां माका खाव नको म्हणतात. तुम्ही कधी जेवलात? माझ्या घरात एवढी वर्सां रावल्यात, कोणी तुमका पाणी तरी विचारलां? आधी तुम्ही जेवा. मगे मी जेवतंय. तुमका काय झाला तर बघूया."

सर वाट बघत होते. आम्ही सगळेच, खरं म्हणजे, त्या रिकाम्या पाटाकडे बघत वाट पाहत होतो.

अखेर वहिनींनी विचारलं. "काय म्हणतत?"

सर अडखळले. "म्हणतत... मीठ कमी पडलां."

वहिनींच्या हातातलं सोलकढीचं भांडं खाली टेकलं गेलं. चेहरा लाल झाला. इतकी वर्षं त्या या मामलेदारापायी फक्त रडल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याशी बोलल्या. "मीठ कमी? त्येका सांगा, इतकी नाटकां आसत तर आपल्या बायलेकडे जावन जेव म्हणून! फुकट खाता आणि वर नावां ठेवता!"

आणि सर हसले. मी त्यांना इतक्या वर्षांत मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. हसता हसता त्यांनी भात कालवला आणि घास घेतला. मग दुसरा. आत्ये म्हणाली, "खराच गो सुमन, मीठ कमीच पडलां."

मामलेदार त्यानंतरही गेले नाहीत. पण येणं कमी झालं, आणि आले तर बहुतेक स्वयंपाकाविषयी बोलत. सर औषधं वेळेवर घेत, आणि बाईंनी विचारलं की सांगत, "आता ते निवृत्तीला आलेत, मॅडम." पुढे सरही निवृत्त झाले. वहिनींबरोबर म्हापशाच्या बाजारात जायला लागले, दारात बसून शेजारच्या मुलांना नाकं शिकवायला लागले. गेल्या वर्षी एका सकाळी अंगणात फुलं काढताना त्यांचं हृदय थांबलं. खाली पडले तेव्हा परडीतली फुलंसुद्धा फारशी सांडली नव्हती, असं वहिनी म्हणाल्या.

बारावं झाल्यावर काही दिवसांनी मी भेटायला गेलो. वहिनींनी चहा दिला. मग त्या म्हणाल्या, "घर कितक्या मोठा झालां, भावजी. एका सकाळी दोन माणसां गेली माझ्या घरातली."

मी चहा संपवला.

"तो आता खंय जातलो?" त्यांनी विचारलं. अगदी सरळ, घरातल्या कुणाची चौकशी करावी तसं.

"माहीत नाही, वहिनी."

त्यांनी माझ्या हातातला रिकामा कप घेतला. "वायट होतो तो. माझी कितकी वर्सां खाल्ल्यान." स्वयंपाकघराच्या दाराशी त्या थांबल्या. "पण ह्यांका त्यान कधी एकटा सोडूक नाय."