अक्का आणि आघाड्याचं खोड

माणसाला धक्का बसतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मला आमच्या वर्गातल्या अक्कांनी शिकवलं. त्याआधी माझी समजूत अशी होती, की धक्का एसटीत बसतो, विजेचा बसतो, फार तर निकालाच्या दिवशी बसतो. पण डोक्यावरून पदर घेतलेली, शेजारच्या बाकावर लिमलेटची गोळी चघळत बसलेली त्रेपन्न वर्षांची एक बाई सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच आपल्याला सलग दोन वर्षं धक्के देऊ शकते, आणि तरीही आपण दुसऱ्या दिवशी जागा धरून तिची वाट बघतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

पहिला धक्का पहिल्याच दिवशी. मी चंदगडहून आलेली, भाताची खाचरं आणि काजूची झाडं सोडून फारसं काही न पाहिलेली मुलगी. कोल्हापुरात वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता, हॉस्टेलच्या खोलीचं कुलूप अजून नीट लागत नव्हतं. वर्गात बसलो होतो तोच दारातून एक भारदस्त बाई आत आल्या. आम्ही सगळे खडबडून उभे राहिलो आणि एका सुरात "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणालो. बाईंनी दचकून मागं वळून पाहिलं, मागं कोणी नव्हतं. मग त्यांनी तिसऱ्या बाकावर पिशवी ठेवली आणि आमच्याबरोबर त्याही उभ्या राहिल्या. खऱ्या मॅडम आल्या तेव्हा सगळा वर्ग आधीच उभा होता, त्यामुळे त्या दोन वर्षं आम्हाला फार शिस्तीची बॅच समजत राहिल्या.

अक्कांचं घर हुपरीच्या वाटेवरच्या एका गावात. जैन शेतकरी कुटुंब. ऊस, दहा-बारा म्हशी, दोन मुलगे, दोन सुना. बी.एस्सी. झाल्या झाल्या लग्न झालं आणि त्यानंतर तीस वर्षं पुस्तकाचा संबंध आला तो नातवंडांना 'अ अननसाचा' दाखवण्यापुरता. मग एकदम एम.एस्सी. कशाला, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. त्यावर त्यांनी जे कारण सांगितलं ते ऐकून माझा घास हातातच राहिला.

"भेंडी चिरत होतो गं. चकती हातात घेतली, तर आत पाच कप्पे, मधल्या दांड्याला चिकटून बिया. ह्या मांडणीला नाव हाय, आमास्नी शिकवलंतं. पण आठवंना. तीन दिवस आठवंना! दोनदा भाजी करपली. चौथ्या दिवशी मालकांस्नी म्हटलं, मी कॉलेजला जातो."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणालं, जा की. भाजी तरी नीट मिळंल."

त्या मांडणीला ॲक्झाइल प्लॅसेंटेशन म्हणतात. एका विसरलेल्या शब्दासाठी अक्का रोज एसटीने येऊन-जाऊन दोन वर्षं कॉलेज करणार होत्या. आमच्यापैकी कुणी नेट-सेटसाठी आलं होतं, कुणी फॉरेस्टच्या परीक्षेसाठी, मी तर लग्न दोन वर्षं पुढं ढकलता यावं म्हणून आले होते. भेंडीसाठी आलेल्या त्या एकट्याच.

झाडाचं बाहेरचं रूप आणि आतली रचना हा अक्कांचा जीव की प्राण. गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात भिंग अडकवलेलं, आणि पर्समध्ये कुंकवाच्या डबीशेजारी कागदात गुंडाळलेलं ब्लेड. मंडईत त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे धीराचं काम. गवारीची एक शेंग उचलून, भिंगातून तिच्यावरची लव बघत त्या एवढा वेळ उभ्या राहायच्या, की एकदा भाजीवाली कावून म्हणाली, "अवो मावशी, गवार घ्याची हाय का तिच्यासंगं सोयरीक जमवायची हाय?" अक्का शांतपणे म्हणाल्या, "सोयरिकीला तरी कोण एवढं बघतंय?" आणि पाव किलो घेतली.

विभागात एकदा कुणी मोठे पाहुणे आले होते. सरांनी जरबेराचं फूल पुढं करून "एक फूल देऊन आपलं स्वागत करतो" असं म्हटलं, आणि मागून अक्कांचा खणखणीत आवाज आला, "सर, एक न्हवं त्ये. तीन-चारशे तरी फुलं आसतील त्यात. एकेक पाकळी म्हंजे एक फूल हाय की." सरांच्या हातातलं फूल हवेत थांबलं. पाहुण्यांना बहुतेक आपला विनाकारण इतका मोठा सत्कार झाल्यासारखं वाटलं असावं, ते उठून अक्कांनाच नमस्कार करून बसले.

जैन असल्यामुळे त्या कांदा-बटाटा खात नसत, आणि प्रयोगशाळेत तर पान कापायचं असलं की ते बटाट्याच्या तुकड्यात धरूनच कापतात. त्या खुशाल बटाटा हातात घ्यायच्या. "खायचा न्हाय म्हटलंय, धरायचा न्हाय म्हटलेलं न्हाय." बटाटा हे मूळ नसून खोड आहे हे तासाला आलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी माना वळवून त्यांच्याकडं पाहिलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालंच, "अक्का, मूळ नाही म्हणजे आता चालेल की!" अक्कांनी चष्मा वर केला. "खोड हाय हे मला बी.एस्सी.पास्नं ठावं हाय. त्याला डोळं असत्यात न्हवं का? मग त्याच्या डोळ्यांदेखत त्यालाच खायचं व्हय?"

आणि त्यांचे सेक्शन! सेक्शन म्हणजे खोडाचा आडवा काप, इतका पातळ की त्यातून उजेड आरपार जावा. आमचे काप म्हणजे कोशिंबिरीतल्या काकडीच्या चकत्या. अक्का डहाळीला आधी पुटपुटत "क्षमा असू दे बाई" म्हणायच्या, आणि मग ब्लेड असं काही फिरायचं, की वाटीतल्या पाण्यावर सायीसारखे काप तरंगायला लागायचे. सरसुद्धा बघत उभे राहायचे. याचं रहस्य काय असं विचारलं तर म्हणायच्या, "तीस वर्षं कोबी चिरलाय, दुसरं काय!"

सूर्यास्तानंतर त्या अन्नाला शिवत नसत. त्यामुळे सरांचं काहीही चाललेलं असो, पाच-साडेपाचला अक्कांचा डबा उघडायचाच. आमच्या तोंडी परीक्षेत एकदा एका मॅडमनी त्यांना प्रश्न विचारला, तर अक्का खिडकीतून मावळतीकडं बघून म्हणाल्या, "मॅडम, उत्तर येतंय, पर भाकरी आधी खातो." मॅडम थक्क झाल्या, आणि थक्क झालेल्या अवस्थेतच त्यांनी अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

अशा सगळ्या धक्क्यांना मी सरावले होते. एका धक्क्याला मात्र सरावले नव्हते.

विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरगावचे परीक्षक आले होते, फार कडक म्हणून त्यांचा लौकिक. मोठा प्रश्न असा, की बरणीतलं खोड घ्या, सेक्शन कापा, रंगवा, आकृती काढा आणि ओळखा. बरणीवरचं लेबल झाकलेलं असतं, पण शिपाईमामांनी माणुसकीनं सगळ्यांच्या कानात सांगून टाकलं होतं, "पुनर्नवा हाय." पुनर्नवा म्हणजे आपली बांधावरची घेटुळी. तिच्या खोडात अगदी मध्यभागी नळ्यांचे दोन मोठे जुडगे असतात, त्यांच्याभोवती लहान जुडग्यांचं एक कडं, आणि बाहेर आणखी एक. पुस्तकातली आकृती आम्हाला झोपेतही काढता आली असती. मी काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मधले दोन जुडगे दिसले. त्यांच्याभोवतीचं कडं दिसलं नाही. पुन्हा पाहिलं, तरी दिसलं नाही. मग माझाच सेक्शन वाईट असणार असं ठरवून मी आकृतीत ते कडं छान गोल काढलं आणि खाली लिहिलं: पुनर्नवा.

चारच्या पुढं परीक्षक एकेका टेबलाशी येऊ लागले. अक्का माझ्या शेजारीच होत्या.

"हे काय?"

"आघाडा."

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"बाई, तुमच्या बॅचमधल्या सगळ्यांनी पुनर्नवा लिहिलंय."

"लिवलं आसंल."

"बरणीवरचं लेबलही पुनर्नवा आहे."

"बरणी परीक्षेला बसली न्हाय, सर."

"मधल्या दोन जुडग्यांभोवतीचं कडं न्हाय हितं," अक्का पुढं म्हणाल्या. "निस्ती दोनच हायत. म्हंजे आघाडा. गणपतीला वाहतोय की आपण."

परीक्षकांनी अक्कांच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो बराच वेळ काढला नाही. काढला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सगळ्यांनी आपापल्या स्लाइड आणि आकृत्या आणा." त्यांनी एकेक स्लाइड पाहिली, एकेक आकृती पाहिली. प्रत्येक स्लाइडवर आघाडा होता. प्रत्येक कागदावर घेटुळी होती. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी माझ्या त्या सुबक कड्यावर बोट ठेवलं.

"हे तुम्हाला दिसलं?"

"नाही," मी म्हणाले.

"मग काढलं कसं?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांना खरोखरच धक्का बसला होता, आणि तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. या प्रश्नाला बाकी सगळ्यांना शून्य, असं ते म्हणाले. एक मुलगी रडायला लागली. तेव्हा अक्का उठून त्यांच्या टेबलाशी गेल्या.

"सर, एक सांगू? पोरांनी काप चांगलं घेतल्यात, तुमी स्वतःच बघितलं. कापायचं मार्क द्या की. बघायचं ऱ्हाऊ द्यात, ते अजून शिकायच्यात."

परीक्षकांनी गुणांचा कागद पुढं ओढला. मग त्यांनी खरंच तसं केलं. सेक्शनचे गुण दिले, बाकीचे कापले. हे सगळं होईपर्यंत खिडकीबाहेर अंधारलं होतं. अक्कांचा डबा तसाच बंद राहिला. त्यांनी तो पिशवीत घातला आणि स्टँडची वाट धरली.

आणि मी काय केलं? त्यांना जिन्यात गाठलं आणि म्हणाले, "तुम्हाला नोकरी थोडीच करायचीय, अक्का? तुमचं काय गेलं? आमचा मात्र फर्स्ट क्लास गेला." अक्का एक पायरी खाली होत्या. त्यांनी वर पाहिलं, "व्हय गं, खरं हाय," म्हणाल्या आणि उतरून गेल्या. आपण हे बोलून बसलो याचा मला जो धक्का बसला, तो त्यांनी दिलेल्या साऱ्या धक्क्यांहून मोठा होता. पुढचा आठवडाभर वर्गातलं कुणीही त्यांच्याशी बोललं नाही. मीही नाही.

रविवारी सकाळी हॉस्टेलच्या दारात रिक्षा थांबली. अक्का उतरल्या. एका हातात शेंगापोळ्यांचा डबा, दुसऱ्या हातात हिरव्या डहाळ्यांचा भारा. पदराला आघाड्याची कुसळं चिकटलेली. वॉचमन म्हणाला, "कुणाकडं जायचं, मावशी?" तर म्हणाल्या, "वर्गाकडं." मेसच्या लांब टेबलावर त्यांनी भारा सोडला, एका बाजूला आघाडा, एका बाजूला घेटुळी, आणि आमच्या हातात ब्लेडं दिली. "चला, कापूया." दुपारपर्यंत आम्ही कापत होतो आणि अक्कांच्या गळ्यातलं भिंग आळीपाळीनं घेऊन बघत होतो. चौदावा की पंधरावा काप असेल, भिंग हललं, स्थिरावलं, आणि मला मधल्या दोन जुडग्यांभोवतीचं ते कडं दिसलं. शेकडो वेळा काढलेलं, आणि कधीच न पाहिलेलं. माझ्या तोंडून "अगं बाई!" असं निघालं. अक्का पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "हाय का न्हाय?"

त्या एम.एस्सी. झाल्या, चांगल्या गुणांनी झाल्या. पुढं काय करणार म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "करायचं काय? कळलं की आता." आणि म्हशींकडं परत गेल्या. मी तालुक्याच्या गावात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले. अधूनमधून फोन व्हायचे, मग कमी झाले.

गेल्या महिन्यात अचानक त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मालक गेल्यापासून धाकट्या मुलाकडं बंगळुरात असतात, चौदाव्या मजल्यावर. केस पूर्ण पांढरे झालेत. "हितल्या बागा लई देखण्या," त्या म्हणाल्या, "पर खालच्या हॉलमधल्या कुंडीतलं पान कापाय घेतलं, तर प्लास्टिक निघालं गं. मी त्याची बी माफी मागिटली हुती." आम्ही दोघी हसलो. मग त्यांनी विचारलं, "तुझी पोरं कापत्यात का सेक्शन?"

आमच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांना बुरशी आलीय. प्रात्यक्षिकाला मुलं मोबाईलवरची आकृती बघून वहीत उतरवतात, कडं अगदी छान गोल काढतात, आणि मी खाली सही करते.

"हो अक्का, कापतात," मी म्हणाले.

"पातळ येतंय?"

"येतंय."

त्या पडद्यावरून माझ्याकडं बघत राहिल्या. चष्मा वर केला नाही. "बरं हाय मग," एवढंच म्हणाल्या. तरी बराच वेळ फोन त्यांनी ठेवला नाही, आणि मलाही ठेवता आला नाही.