दवाखान्याचा ग्रुप आणि माझी जाऊ

दवाखान्यावरची केस मी जिंकले, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. कशी जिंकले, ते आज सांगते.

मूल होण्यासाठी आम्ही उपचार घेतोय, हे मी कोणाला म्हणजे कोणाला सांगितलं नव्हतं. आणि दवाखान्यातल्या बाईने दिवाळीच्या सुट्ट्या कळवायला काय करावं? सगळ्या पेशंटचा व्हॉट्सअॅप ग्रुप! नाव काय, तर 'टेस्ट ट्यूब बेबी पेशंट'. सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतायत. मी स्क्रीनशॉट काढले, ग्रुप सोडला आणि तडक दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "चुकून झालं हो. एवढं काय त्यात?"

एवढं काय त्यात! दिवाळीनंतर नामपूरला चुलत नणंदेचं डोहाळजेवण होतं. ओटी भरायला उठले, तर सासूबाईंनी सगळ्यांदेखत हात धरून खाली बसवलं. "तू राहू दे. तुझंच औषधपाणी चालू आहे म्हणे." धाकटी जाऊ पदर तोंडाला लावून हसत होती. हिनेच सांगितलं असणार, पण हिला कुठून कळलं? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

इंदिरानगरला घरी आल्या आल्या ते स्क्रीनशॉट उघडले. त्यात जावेचा नंबर! म्हणजे ही बया स्वतः त्याच दवाखान्यात जाते आणि वर माझं नाव सासूबाईंच्या कानावर घालते. देवाशपथ सांगते, राग तर आलाच, पण आनंदही झाला. सापडली एकदाची.

मी ग्राहक आयोगात तक्रार केली. दवाखान्याच्या वकिलाचं एकच पालुपद, ग्रुपमुळे तुमची गोष्ट कोणाला कळली ते दाखवा. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "ग्रुपमधली एखादी ओळखीची साक्षीला आली, तर हे सुटत नाहीत."

मी जावेला फोन लावला. आधी ती कानावर हात ठेवून मोकळी झाली. तिचाच नंबर वाचून दाखवला, तशी रडायला लागली. "ताई, पाया पडते, मला यात ओढू नका. आमच्या ह्यांना माहीत नाही. मी एकटीच जाते. दोष माझ्यात आहे का, तेवढंच बघायचं होतं."

घटकाभर वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तेवढंच.

"मग आता कळेल त्यांना," मी म्हटलं. फोन ठेवला आणि साक्षीचं बोलावणं धाडायला वकीलबाईंना तिचा नाशिक रोडचा पत्ता पाठवला, दिराच्या नावासकट.