आतली चिप

मुरबाडच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासचे किस्से कुणी लिहून ठेवले नाहीत. ते आपोआपच साठत गेले, कौलावर शेवाळ साठतं तसे.

व्हायरसला कंटाळून मी तिन्ही कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स टाकलं. इंटरनेट मात्र रस्त्यापलीकडे, मालक दत्तूभाऊंच्या घरात. रस्त्यावरून वायर ओढली. आठवड्यात गवताने भरलेला ट्रक ती घेऊन गेला! दत्तूभाऊ बघत राहिले. म्हणाले, "गेला आपला इंटरनेट भिवंडीला!"

*

मग वायरीशिवाय नेट घेणारा वायरलेस अॅडाप्टर आणायचं ठरलं. कल्याणच्या दुकानदाराला विचारलं, "लिनक्सवर चालेल?"

"साहेब, कुठल्याही कंपनीच्या कॉम्प्युटरवर चालतो!"

लावला. दिवासुद्धा लागला नाही.

*

इंटरनेटवरच्या एका अनोळखी माणसाने सल्ला दिला, "खोक्यावरचं नाव बघू नका, आतली चिप बघा." त्याने सांगितलेलं मॉडेल शोधून आणलं. नाव तेच, पण कंपनीने मधल्या काळात आतली चिपच बदललेली! माझ्याबरोबर शिकवणाऱ्या वैशाली मॅडम म्हणाल्या, "म्हणजे सरांनी नुसता फोटो बघून होकार दिला!"

*

तिसऱ्या खेपेला मॅडमच सोबत आल्या. दुकानातला कॉम्प्युटर त्यांनी आमच्या लिनक्सच्या सीडीवरून सुरू केला. "माझं सगळं पुसलं!" दुकानदार ओरडला. काही पुसलं नव्हतं. एकेक अॅडाप्टर लावत गेलो. चौथ्याचा हिरवा दिवा लुकलुकला!

परतीच्या एसटीत मॅडमनी खोकं मांडीवर धरलं होतं. दूरचे डोंगर निळे होत चालले होते. कंडक्टर म्हणाला, "एवढं जपताय, काय आहे त्यात?"

"हवेतलं पकडायचं यंत्र," मॅडम म्हणाल्या.

त्याने हात लांब करून आमची खिडकी उघडली.

*

नेट लागल्याचं कळल्यावर सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतले बुधाजी आले. त्यांची मुलगी नाशिकला नर्सिंग शिकत होती. तिने गणवेशातला फोटो क्लासच्या ईमेलवर पाठवला होता.

फोटो स्क्रीनवर वरून हळूहळू उतरू लागला. आधी पांढरी टोपी, मग केस, कपाळ, डोळे. तिथेच नेट गेलं!

मी घाईने अॅडाप्टर काढून पुन्हा लावायला गेलो. बुधाजींनी माझा हात धरला.

"ऱ्हाव दे रे. डोलं आलं ना. बाकीची दिवालीला येल."